रिकाम्या टेकडीचा फोटो

बेन ग्रीअम बेग ही स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडची, सदरलंडमधली टेकडी. उंची ५८० मीटर. १८९१ साली ह्यू मन्रो यांनी ३,००० फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांची यादी छापली. आज तीत २८२ शिखरं आहेत आणि ती पुरी करण्यात लोक उभं आयुष्य घालवतात. आमची ही टेकडी त्या यादीत बसत नाही, म्हणून इथे फारसं कुणी येत नाही.

मी गेलो त्या दिवशी तर कुणीच नव्हतं. पायाखाली ओलं पीट, बूट घोट्यापर्यंत आत. वर पोचल्यावर चहूकडे तपकिरी पसारा, मधेमधे पाण्याची तळी, एकही घर नाही. फोटो काढला आणि खाली लिहिलं : ‘माणसाचा स्पर्श न झालेली जमीन.’

मग ज्या दगडांवर बसलो होतो ते एका रांगेत आहेत, हे लक्षात आलं. ती एका फार जुन्या गडाची तटबंदी होती.

पश्चिमेला स्ट्रॅथनेव्हरचं खोरं आहे. तिथल्या रोसल गावातली कुटुंबं १८१४ ते १८१८ या काळात हुसकावली गेली, कारण जमीनदारीला मेंढ्यांमधून जास्त उत्पन्न दिसत होतं. खोऱ्यातली घरं जाळल्याच्या आणि माणसांच्या मृत्यूला कारण झाल्याच्या आरोपांवरून कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये खटला चालला. तो निर्दोष सुटला. आग्नेयेकडच्या किल्डोननमधले काही जण १८१३ मध्येच कॅनडाला निघून गेले होते.

म्हणजे मला जी शांतता इतकी आवडली, तिचा काही भाग तरी माणसं हाकलून तयार केलेला होता. मग ती आवडणं चूक होतं का?

कुणी म्हणेल, असा हिशेब मांडला तर पृथ्वीवर पाय ठेवायला जागा उरणार नाही. खरं आहे. शिवाय सगळं रिकामेपण हाकलण्यातून आलेलं नाही. इथली पीटची दलदल हजारो वर्षांची आहे, तिच्यावर कधी गाव वसणं कठीणच होतं. मी तिथून उठून गेलो असतो तरी रोसलला कुणी परतणार नव्हतं. आणि अपराधी वाटून घेण्यात एक गोची आहे : त्यात सगळं लक्ष पुन्हा माझ्याकडेच वळतं, मी किती संवेदनशील वगैरे.

आनंदाबद्दल माफी मागायची गरज मला वाटत नाही. माझी चूक त्या ओळीत होती. ज्यांना तिथून काढलं, ते तिथे कधी नव्हतेच, असं ती ओळ सांगत होती. हुसकावणाऱ्यांचं उरलेलं काम मी नकळत, आणि तेही फुकटात, पुढे नेत होतो. दलदल कुठे संपते आणि सोडायला लावलेलं शेत कुठे सुरू होतं, एवढं पाहून घेणं चालणाऱ्याला जमण्यासारखं आहे.

खाली उतरल्यावर रेंज आली. फोटो तसाच ठेवला. ओळ खोडून लिहिलं : ‘बेन ग्रीअम बेग. पलीकडच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गावं होती.’