वाण, भेट आणि काचेचे कपाट

संक्रांतीच्या दिवसांत भालकी-हुमनाबादकडील मराठी घरांतून हळदीकुंकवाला जाऊन आलेल्या स्त्रियांच्या पिशव्या पाहिल्या म्हणजे एक प्रश्न मनात उभा राहतो. प्लॅस्टिकची डबी, कंगवा, चिमुकला आरसा, फ्रिजला चिकटवावयाचे चुंबकी फूल! यांपैकी काहीच कोणाला हवे नव्हते. पण कोणी नाकारलेही नाही. ही देवघेव कोणत्या जातीची म्हणावी?

वाण 'देणे' म्हणत नाहीत, 'लुटणे' म्हणतात. सुगडातील ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या मुले दुसऱ्या दिवसापर्यंत खाऊन टाकीत, आणि देणारीचे नाव त्यांबरोबरच संपे. गोव्याकडील वाचकांना माटोळीची ओळख करून द्यावयास नकोच. गणपतीवर टांगलेले नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे हा सणाचा केवढा तरी शृंगार. पण सण सरला की तो उतरतो. याच्या उलट अमेरिकेत हॉलमार्क कंपनीने १९७३ पासून नाताळच्या झाडावर टांगावयाच्या संग्राह्य शोभेच्या वस्तू काढल्या. संग्राहक त्या मूळ खोक्यासह जपतात, कारण खोके गेले की किंमत उतरते. म्हणजे जे झाडावर टांगण्यासाठी केले, ते टांगले जात नाही.

तर मग जपून ठेवणे हा केवळ मोहच काय? बिदरच्या माणसाला असे म्हणवत नाही. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यावर कोरलेल्या रेघांत ठोकून बसविलेली चांदीची तार, आणि शेवटी किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या उकळत्या पाण्याचा संस्कार. त्याने धातू काळाभोर होतो आणि चांदी मात्र शुभ्रच राहते. एके काळी हे काम हुक्क्याच्या तळांवर, सुरयांवर, पानदानांवर होई. हुक्के गेले, आता कारागीर फुलदाण्या, हत्ती, किल्ल्यांच्या साखळ्या घडवितात. यात कलेची अवनती झाली असे पुष्कळांना वाटते. मला वाटत नाही. २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, ती या कलेलाच मिळाली असे आम्ही समजतो. काचेच्या कपाटात वस्तू ठेवणारी माणसे नसती, तर हे हात केव्हाच दुसऱ्या धंद्यास लागले असते.

माझा स्वतःचा अपराध सांगतो. एका सत्कारात मला बिद्रीची डबी मिळाली. ती खोक्यासकट कपाटात पडली, आणि पुढे पुतणीच्या लग्नात मी तीच पुढे सरकविली. "तुझ्यासाठी मुद्दाम आणली," असेही म्हणालो. खोके उघडताच आतून माझ्याच नावाची चिठ्ठी निघाली. "काका, ही तर तुमच्या सत्काराची!" ती हसली, मी हसू शकलो नाही.

वाण पुढे गेले तर कोणी लाजत नाही, मग मी का लाजलो? वस्तू पुढे दिली म्हणून नव्हे. 'मुद्दाम' हा शब्द खोटा होता म्हणून. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. तेथे वस्तूच्या मोलाचा विचारच नाही. देशकाल, पात्र आणि देणाऱ्याची वृत्ती पाहिली आहे, आणि अनादराने दिलेले दान तामस म्हटले आहे.

यावर कोणी विचारील, दोन डझन वाणे एकदम आणणारीने प्रत्येकीचा विचार तरी कसा करावा? गाणगापुरात पाहावे. दत्तगुरू माध्यान्ही कोणत्या तरी रूपाने भिक्षेला येतात, अशी तेथील श्रद्धा. झोळी घेऊन दारी आलेला यात्रेकरू कोण, हे घरच्या बाईला ठाऊक नसते. तरीही ती भाकरी घालते ती स्वतःच्या घरी खातात तीच. झोळीसाठी निराळी, हलकी भाकरी ती भाजीत नाही. वाणाच्या डब्यांना मात्र 'वाणासाठी' म्हणून बाजारात वेगळा ढीग असतो, आणि आपण त्यातूनच उचलतो!

पुतणीने ती डबी परत केली नाही, कपाटातही ठेवली नाही. ती तिच्या देवघरात कुंकवाला लागली आहे. बोटे लागून लागून झाकणावरील वेलीची चांदी आता अधिकच उजळली आहे. चिठ्ठी मात्र तिने मला परत दिली.