घर सोडण्याचा अधिकार

अज्ञान मुलानें आईबापांचें घर सोडून जावें काय, या प्रश्नास 'नाहीं' असें उत्तर देण्यास आपणां सुशिक्षितांस क्षणाचाहि विलंब लागत नाहीं. आम्हांसहि लागला नव्हता. एका भाद्रपदांत आमची अकरावींतील एक विद्यार्थिनी भेटावयास आली. वय सतरा, आईबाप ऊंसतोड कामगार. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब, भूम, परंडा या बाजूचीं पुष्कळ कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची वाट धरतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि मुकादमाची उचल कोयत्यामागें मिळते. शिवाय वयांत आलेली मुलगी मागें एकटी ठेवण्याची भीति असतेच. म्हणून तिचें लग्न दसऱ्याच्या आंत उरकण्याचें ठरलें होतें. तिनें विचारलें, "सर, अठराच्या आधी मी घरून निघून गेले, तर गुन्हा होतो का?" आम्हीं म्हटलें, "आईबापांच्या मनाविरुद्ध जाऊं नकोस." हा उपदेश तिच्या हिताचा नसून आमच्या सोयीचा होता, हें रात्रीं कायद्याचीं पुस्तकें चाळतांना ध्यानीं आलें.

आपल्याकडे १८७५ च्या कायद्यानें अठराव्या वर्षीं मनुष्य सज्ञान होतो. अमेरिकेच्या कांहीं राज्यांत त्याआधींहि न्यायालयाकडून स्वतंत्र होतां येतें. तशी सोय आपल्याकडे नाहीं. मात्र घरून निघून जाणें हा मुलाचा अपराध नव्हे. अपराध ठरतो तो मुलास पालकांच्या ताब्यांतून नेणाराचा किंवा फूस लावणाराचा. त्यांतहि, समजत्या वयाच्या मुलीस घेऊन जाणें आणि ती आपण होऊन निघाली असतां तिला सोबत येऊं देणें, यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६४ च्या वरदराजन खटल्यांत भेद केला आहे.

परत पाठविण्याविषयींचा नियम तर अधिकच बोलका आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वयें न्यायालय निघून गेलेल्या पाल्यास परत धाडूं शकतें, परंतु तें त्याच्या हिताचें असेल तरच. हिंदु अज्ञान व पालकत्व कायद्यानेंहि १९५६ मध्यें अज्ञानाचें हित हीच सर्वश्रेष्ठ कसोटी मानली. तात्पर्य, पालकत्व ही मालकी नव्हे. ती सांभाळावयास दिलेली ठेव आहे.

जांबचे समर्थ रामदास बाराव्या वर्षीं बोहल्यावरून निघून गेले, ही परंपरेची कथा आपण मुलांस भक्तिभावानें सांगतों. तीच गोष्ट मजुराच्या मुलीनें केली, तर तिला कुलकलंक म्हणतों! तथापि केवळ या विसंगतीवरून पलायनाचें समर्थन होत नाहीं. रात्रीं एकट्या निघालेल्या मुलीस वाटेंत कोण भेटेल, याचा नेम नसतो. आईबापांच्या घरांत राहून लग्नास उभें राहणें किंवा अंधारांत निघून जाणें, एवढे दोनच मार्ग तिला दिसावे, हाच खरा अन्याय होय.

तिसरा मार्ग कायद्यानें ठेवला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यांत घरून पळालेलें मूल आणि बालविवाहाच्या उंबरठ्यावरील मूल, हीं दोन्ही काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या एकाच यादींत आहेत. असें मूल स्वतः जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढें उभें राहूं शकतें. १०९८ या क्रमांकावर दूरध्वनि करूं शकतें. लग्न थांबविण्याचा मनाईहुकूम देण्याचा अधिकार २००६ च्या कायद्यानें दंडाधिकाऱ्यास दिला आहे. हें सर्व पुस्तकांत होतें; तिला सांगणारें कोणी नव्हतें, आणि ज्यानें सांगावयाचें तो उपदेश करीत बसला होता.

दुसरे दिवशीं आम्हीं तिला बोलावून चूक कबूल केली, आणि तिच्यासमवेत समितीकडे गेलों. आईबापांस बोलावून समज देण्यांत आली, लग्न थांबलें. ती पुढें बारावी उत्तीर्ण झाली. तिचे वडील मात्र आजहि बसस्थानकावर आम्हांस पाहून तोंड फिरवितात. त्यांच्या रागांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. हंगामांत मुलगी कोणाच्या भरंवशावर ठेवावी, हा त्यांचा प्रश्न आम्हीं सोडविला नव्हता. वसतिगृहांत जागा मिळेपर्यंत तिच्या आईस गांवींच राहावें लागलें आणि तेवढी मजुरी बुडाली.

मुलास घर सोडण्याचा अधिकार असावा काय, यावर विद्वानांनीं खुशाल वाद करावा. घर सोडावेंसें वाटणाऱ्या मुलाचें म्हणणें ऐकून घेणें हें मात्र वडीलधाऱ्यांचें कर्तव्य आहे, आणि त्यासाठीं त्याच्या अठराव्या वर्षाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.