भेट आणि फलाशा

दसऱ्याच्या दिवसांत बेंगळुरूमधील अनेक घरांत 'गोंबे हब्ब', म्हणजे बाहुल्यांचा सण साजरा होतो. पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर देवदेवता, राजदरबार, बाजारहाट अशा बाहुल्या बसतात आणि मानाच्या जागी 'पट्टद गोंबे', म्हणजे राजाराणीची लाकडी जोडी असते. ही जोडी मुलीला लग्नात माहेरून देण्याची जुन्या म्हैसूर प्रांताची रीत आहे. याच सुमारास शाळांना सुट्टी लागते. पाठोपाठ दिवाळी येते, मग नाताळ. मुलांना काही द्यावे, असे वाटण्याचा हा काळ. नोकरीनिमित्त या शहरात स्थिरावलेल्या मराठी घरांतही आजीआजोबा, काकामामा याच विचारात असतात.

परंतु अलीकडे या देण्यात एक नवा सूर मिसळला आहे. खेळण्याच्या खोक्यावर आत काय आहे याहून ठळकपणे त्याने मुलाचे काय वाढेल हे छापलेले असते: बुद्धी, एकाग्रता, गणिती आकलन. घेणारा आधी तो मजकूर वाचतो आणि मग खेळणे पाहतो. ज्या शहरात विद्येच्या आणि कौशल्याच्या बळावर असंख्य कुटुंबांनी आपले जीवन उभारले, तेथे ही काळजी स्वाभाविकच म्हटली पाहिजे. तथापि तिच्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. मुलाचा विकास व्हावा म्हणून दिलेली वस्तू ही भेट असते, की भविष्यकाळात केलेली गुंतवणूक?

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देणे हे कर्तव्य मानून, योग्य स्थळी, योग्य काळी व योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. फळावर दृष्टी ठेवून दिलेले ते राजस. आणि अवज्ञेने, स्थळकाळ न पाहता दिलेले ते तामस. दान आणि मुलाला दिलेली भेट या एकच गोष्टी नव्हेत, हे खरे. तरीही हा भेद येथे उपयोगी पडतो. मुलासमोर ठोकळे ठेवताना त्याच्या गणिताच्या गुणांकडे डोळा असेल, तर देणाऱ्याला स्वतःसाठी काही नको असूनही त्याचे देणे राजसच ठरते. कारण येथे फळ मागितले जाते ते मुलाकडूनच. भेटीबरोबर एक न लिहिलेला करार त्याच्या हाती जातो, आणि मुले असा करार फार लवकर वाचतात.

यावर एक सोपे उत्तर सुचते: मग मुलाला जे आवडेल ते द्यावे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील एक प्रसंग या उत्तराची परीक्षा पाहतो. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळलेला असतो. ती गाडी परत गेल्यावर रदनिका दासी त्याला मातीची गाडी करून देते. पण त्याला तीच सोन्याची हवी असते. ते पाहून वसंतसेनेला भरून येते. ती रडते आहे तोवर मूल तिच्या हातून काही घ्यायला तयार होत नाही. मग ती डोळे पुसते आणि सोन्याची गाडी करण्यासाठी आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते. पुढे न्यायसभेत हेच दागिने चारुदत्ताविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहतात.

वसंतसेनेच्या प्रेमाविषयी शंका नाही. पण रोहसेनाची इच्छा कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे. ती शेजारच्या अंगणातून आली होती. आजच्या मुलाची इच्छाही अनेकदा जाहिरातीतून, वर्गमित्राच्या वाढदिवसातून आलेली असते. ती जशीच्या तशी पुरवणे म्हणजे मुलाच्या मनाचा आदर करणे, असे म्हणता येत नाही. त्यात वडीलधाऱ्यांनी आपली जबाबदारी बाजाराच्या स्वाधीन केलेली असते. सारांश, फलाशा सोडायची म्हणजे विवेक सोडायचा नव्हे. निवड विचारपूर्वकच करायला हवी. मग विचार कशाचा करायचा?

बालशिक्षणाच्या इतिहासात या प्रश्नाचा मागोवा घेता येतो. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी काम सुरू केले. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल, आठ लहान घनांत विभागलेला घन, अशी साधने त्याने योजली आणि त्यांना नाव दिले 'देणग्या'. साधनाला देणगी म्हणणे अर्थपूर्ण होते: मुलाच्या अंतरी जे आहे त्याला बाहेर यायला वाव द्यायचा, ही त्यामागची श्रद्धा. पण पुढे त्याच्या अनेक अनुयायांच्या हाती या देणग्यांची कवायत झाली. कोणता घन केव्हा उचलायचा, कोठे ठेवायचा, हे शिक्षिका ठरवू लागली. वस्तू तीच राहिली. देण्यातील मोकळेपणा तेवढा गेला.

महाराष्ट्रात याच्या उलट घडल्याचे उदाहरण आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडण्यासारखी नव्हती. तेव्हा पाने, बिया, खडे, शिंपले हीच साधने झाली. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. वस्तूचे मोल जवळजवळ शून्य, पण तिच्यात मुलाला करण्यासारखे पुष्कळ. मातीच्या गाडीला दागिन्यांची गरज नाही, हे कोसबाडने दाखवून दिले.

बेंगळुरूच्या माणसाला याची साक्ष फार दूर शोधावी लागत नाही. म्हैसूरच्या वाटेवर सुमारे ६० किलोमीटरवर चन्नपट्टण आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळणी मराठी घरांना जशी परिचित, तशी येथील लाखेची खेळणी कन्नड घरांना. हलक्या, पांढरट 'हाले' लाकडाचा तुकडा लेथवर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला झळाळी आणतात. तेथील 'बुगुरी', म्हणजे भोवरा, घ्या. तो काय शिकवतो हे त्यावर लिहिलेले नसते. वाकडा फिरवला की तो कलंडतो. कोणी न रागावता मुलाला आपली चूक कळते आणि ते पुन्हा फिरवते. चूक साधनानेच दाखवावी, हे माँटेसरीबाईंचे तत्त्व कारागिराच्या हातून असे सहज साकार होते. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोट्स्की याने खेळातील काठीच्या घोड्याविषयी जे सांगितले, तेही येथे आठवते: काठी घोडा होते तेव्हा मूल वस्तूपासून अर्थ वेगळा करायला शिकते. घोडा जितका हुबेहूब, तितके मुलाला करायला कमी उरते.

यावरून निवडीची कसोटी हाती येते. या खेळण्याने मुलाचे काय वाढेल, असे विचारण्याऐवजी या खेळण्यात मुलासाठी काय शिल्लक ठेवले आहे, असे विचारावे. मात्र ही कसोटी वस्तूला लागू पडते. देणाऱ्याची परीक्षा नंतर होते. मोठ्या विचाराने आणलेले खेळणे मूल बाजूला ठेवते आणि रिकाम्या खोक्यात शिरून बसते, हा अनुभव घरोघरीचा आहे. त्या क्षणी देणाऱ्याच्या मनात जी नाराजी उमटते, तीच त्याने न बोलता मागितलेले फळ होय. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने खेळ हा मुलाचा हक्क मानला. भारताने ती १९९२ साली स्वीकारली. हक्क मानायचा तर भेट न वापरण्याचा, मोडून पाहण्याचा, भलत्याच कामाला लावण्याचा अधिकारही त्यात आला. मूल खोक्यातून हाक मारील तेव्हा खेळण्याची आठवण करून न देता त्या खोक्याशेजारी बसणे ज्याला जमले, त्याचे देणे त्या वेळी पूर्ण झाले.