ठाण्यातलं भांडण आणि कल्याणचा बिशप

आमच्या बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात गेल्या हिवाळ्यात एक व्याख्यान झालं. वक्ते बाहेरगावचे, पदव्या भरपूर, आवाज त्याहून मोठा. पोर्तुगीज यायच्या आधी कोकणात ख्रिस्ती माणूस औषधालाही नव्हता, असता तर पुरावा सापडला असता, असं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मी प्रश्नासाठी हात वर केला तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. आता संपादकांनी पानं दिली आहेत, तेव्हा उत्तरासकट प्रश्न इथेच मांडतो.

बुऱ्हाणपूरकराला पुराव्याचं वावडं नाही. आमच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने अरबीच्या जोडीला चक्क संस्कृत शिलालेख कोरवून घेतला आहे: विक्रम संवत १६४६, शके १५११. अशा गावात वाढलं की वाटू लागतं, जे जे घडलं ते कोणीतरी दगडावर लिहून ठेवलंच असणार. पण दगडावर लिहायला सुलतान लागतो. पहिल्या तीन शतकांतल्या ख्रिस्ती मंडळींकडे ना सुलतान होता, ना फारशी जमीन. ती बहुतांशी कोणाच्या तरी घरात जमत. सीरियात दुरा-युरोपस इथे अशी एक प्रार्थनेची जागा सापडली, मूळचं साधं राहतं घर. २५६च्या सुमारास शहराला वेढा पडला, तटबंदी भक्कम करायला लगतच्या घरांत माती भरली, म्हणून ते वाचलं. वेढा पडला नसता तर वक्त्यांच्या हिशेबाने तिथेही कोणी ख्रिस्ती नव्हतं. आणि छापलेलं तरी कुठे टिकतं? फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं. त्यातली एकही छापील प्रत आज कोणाला माहीत नाही. हस्तलिखितं उरली म्हणून आपण ते वाचतो.

मग ही माणसं नोंदीत शिरतात कुठून? बहुतेक वेळा कचेरीच्या दारातून. ११२च्या सुमारास प्लिनी हा रोमन सुभेदार काळ्या समुद्राकाठच्या मुलखातून सम्राट ट्रेजनला विचारतो, या ख्रिस्ती लोकांचं करू काय? दोन दासींचा छळ करून त्याने माहिती काढली होती. त्या दोघींना आपल्या मंडळीत सेविकेचा मान होता, हे आपल्याला कळतं ते छळणाऱ्याच्याच पत्रातून.

कोकणातली हकिकत याहून मासलेवाईक. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात एका नेस्टोरियन, म्हणजे इराणकडच्या पूर्वेच्या मंडळीतल्या, ख्रिस्त्याच्या घरी उतरले होते. घरधन्याचं बायकोशी भांडण झालं आणि त्याने तिला बडवलं. सकाळी ती काझीकडे गेली. साक्षीदार कोण म्हटल्यावर तिने घरी उतरलेल्या साधूंकडे बोट दाखवलं. काझीसमोरची चौकशी मारहाणीवरून धर्मावर घसरली, वाद पैगंबरांवर गेला आणि शेवटी चौघांचे जीव गेले. पुढे ओडोरिक नावाचा साधू ठाण्यात आला, त्यांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला आणि सगळं सांगून गेला. हुतात्म्यांची नावं लिहिली गेली, बाईचं कोणी टिपलं नाही. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ साली. त्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती संसार चालू होता, आणि तो आपल्याला ठाऊक झाला तो चांगला चालला नाही म्हणून.

आता माझा लाडका साक्षीदार, कॉस्मस. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी, पुढे संन्यासी झालेला. त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला तो पृथ्वी गोल नसून पेटाऱ्यासारखी आहे हे सिद्ध करायला! त्या खटाटोपात तो सांगतो की सिंहलद्वीपात ख्रिस्ती आहेत, मिरी पिकते त्या मलबारात आहेत, आणि ‘कल्लियाना’ इथे तर इराणहून नेमलेला बिशप आहे. हे कल्याण आपलं नव्हे, उडुपीजवळचं कल्याणपूर, असं म्हणणारे आहेत. त्यांनी कॉस्मसची बंदरांची यादी पुन्हा वाचावी. सिंधू, ओर्होथा, कल्लियाना, सिबोर, आणि मग मलबारची पाच बंदरं. सिबोर म्हणजे चौल, असं धरलं की कल्लियाना कुठे पडतं ते नकाशाच सांगतो. तिथून तांबं आणि कापड जाई, हेही तो नोंदवतो. व्यापाऱ्याची नजर संन्यास घेऊनही सुटत नाही.

पृथ्वीबद्दल इतका चुकलेला माणूस बिशपबद्दल खरं बोलेल कशावरून? सुवार्ता जगभर पोचली हे त्याला दाखवायचं होतं, त्यामुळे यादी लांबवायचा मोह त्याला असणारच. तरी सिंहलच्या पलीकडे ख्रिस्ती आहेत की नाहीत ते मला माहीत नाही, असं तो सरळ लिहितो. थापाड्या माणूस तिथे थांबत नाही.

इथवर वक्त्यांची उतरली. पण माझ्या बाजूने टाळ्या वाजवणाऱ्यांचीही मला धास्ती वाटते. प्रेषित बर्थोलोम्यू कल्याणला आला, थॉमस ५२ साली केरळात उतरला, तेव्हापासून परंपरा अखंड, असं ते बिनदिक्कत सांगतात. थॉमसची जुनी सीरियाक कथा तिसऱ्या शतकातली. तिच्यातल्या गोंडोफारेस राजाची नाणी एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे सापडली. राजा खरा निघाला म्हणून पाहुणा खरा ठरत नाही, आणि तो राजा केरळचा तर नव्हेच. विद्वानही पोकळी बुजवायला मागे नाहीत. रॉडनी स्टार्क या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ४० साली १००० ख्रिस्ती धरले, दर दशकाला ४० टक्के वाढ धरली आणि ३०० सालापर्यंत साठ लाखांवर नेले. गणित चोख आहे. मुद्दल मात्र धरलेलं.

आणि कोकणापुरता वक्त्यांचा नियम एका ठिकाणी लागू पडतो, हे मान्य करायला हवं. केरळात कोल्लमच्या चर्चला ८४९ साली दान मिळालं, त्याचा ताम्रपट आहे, त्यावर कुफी, पहलवी, हिब्रू लिप्यांत साक्षीदारांच्या सह्या आहेत. उत्तर कोकणातही ताम्रपट आहेत. डहाणूजवळ चिंचणीला सापडलेल्या शके ८४८च्या ताम्रपटात संजाणचा अरब अधिकारी मधुमती, म्हणजे मुहम्मद, आहे. शिलाहारांच्या लेखांत ‘हंजमान’ आहे, ती बहुधा पारशांची अंजुमन. ख्रिस्ती मात्र कुठे नाहीत. दुरा-युरोपसच्या घराबद्दल कोणी लिहिलं नाही, कारण लिहिण्याचं कोणाला कारण नव्हतं. इथे समुद्रापलीकडून आलेल्या बाकीच्यांची नावं लागतात आणि नेमकी यांचीच नाहीत. ही शांतता मला मोजावी लागते.

या शांततेचं कारण माझ्या मते इराणात शोधावं लागेल. सातव्या शतकाच्या मध्याला पूर्वेकडच्या मंडळीचा प्रमुख धर्मगुरू तिसरा ईशोयाब इराणी किनाऱ्यावरच्या रेव अर्दशीरच्या धर्माध्यक्षाला खरमरीत पत्र लिहितो, की तुमच्या आडमुठेपणापायी हिंदुस्थानच्या लोकांना बिशप मिळायचे बंद झाले. पुन्हा भांडणच, आणि पुन्हा तेच आपल्याला बातमी देतं. कल्याणचा बिशप बाहेरून येत होता. तो येणं थांबल्यावर जमीन नाही, ताम्रपट नाही, राजाचा आश्रय नाही अशी मंडळी किती पिढ्या तग धरणार? ठाण्यातलं ते भांडखोर घर म्हणूनच मी कल्याणच्या बिशपच्या वंशावळीत घालत नाही. ते नंतर कधीतरी व्यापाराच्या वाटेने आलेलं वेगळं बिऱ्हाड असावं. कल्याणात कोणी ‘दीड हजार वर्षांची अखंड परंपरा’ असा फलक रंगवायला दिला असेल, तर त्यातला ‘अखंड’ तेवढा पुसावा. दीड हजार वर्षांपूर्वीचा बिशप राहू द्यावा.