परान्नाचा विचार

परान्न हा शब्द आमच्या बोलण्यांतून आतां जवळ जवळ गेला आहे. एके काळीं तो निषेधाचा शब्द होता. अन्न कोणाच्या हातचें, कोणत्या चुलीवरचें, कोणत्या पंक्तीस वाढलेलें, हें पाहिल्यावांचून घांस उचलूं नये असा दंडक असे, व तो मोडणारास प्रायश्चित्त सांगितलें जाई. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनमधील चहापानावरून टिळक-रानड्यांसारख्यांवरहि केवढें ग्रामण्य ओढवलें हें वाचकांस ठाऊक आहे. तो निषेध गेला, पण त्याची जागा रिकामी राहिली नाहीं. बाहेरचें खाऊं नकोस असें आजोबा सोंवळ्यासाठीं सांगत. नातवास तेंच डॉक्टर रक्तांतील साखरेसाठीं सांगतो. आणि तो उगीच सांगत नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें या देशांतील मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत. तथापि आजोबा आणि डॉक्टर या दोघांनींहि एक गोष्ट न बोलतां मान्य केलेली असते, ती ही कीं घरचें अन्न चांगलें. तें कां चांगलें, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतला आहे.

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांचा आहे असें ज्यास वाटत असेल त्यानें वर्धा जिल्ह्यांतील कारंजा (घाडगे) या तालुक्याच्या गांवाकडे पहावें. (लाडांचें कारंजें तें निराळें, तें वाशीम जिल्ह्यांत.) नागपुराहून अमरावतीस जाणारा हमरस्ता, जो पूर्वी सहा क्रमांकाचा होता व आतां ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून ओळखला जातो, तो येथून जातो. भोंवतालचा मुलूख संत्र्यांच्या बागांचा आणि गवळाऊ गाईंचा. त्या जातीच्या पैदाशीचें क्षेत्र याच तालुक्यांत हेटीकुंडीस आहे. म्हणजे फळ दारांत, दूध दारांत, ज्वारी-तूर शेतांत. असें असूनहि अशा रस्त्यावरील ढाबे आणि आलूबोंड्याच्या व तर्री-पोह्यांच्या गाड्या केवळ ट्रकवाल्यांवर चालतात असें नव्हे. गांवांतलीं माणसें तेथें हौसेनें जातात. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कुटुंबखर्चाच्या पाहणींत भारतांतील खेड्यांचा धान्यावरील खर्च एकूण खर्चाच्या ४.९१ टक्के, तर पेयें व तयार खाद्यपदार्थ यांवरील खर्च ९.६२ टक्के भरला. शिधापत्रिकेवर फुकट मिळणाऱ्या धान्याची किंमत यांत धरलेली नाहीं हें खरें. तरी कल कोणीकडे आहे तो दिसतोच.

याच जिल्ह्यांत मगनवाडीस १९३५ सालीं गांधीजींनीं सोयाबीनचे प्रयोग केले. स्वस्त आणि पौष्टिक म्हणून तें तेथील मंडळींच्या ताटांत वाढलें गेलें. आज वर्ध्याच्या शिवारांत सोयाबीन मैलोगणती उभें असतें, पण ताटांत येत नाहीं. तें गिरणींत जातें. पेंड एका वाटेनें जाते, आणि तेल शुद्ध होऊन, पिशवींत भरून, गांवास परत येतें व कढईंत पडतें. शेत तेंच, पीक तेंच. मधल्या मध्यें त्याचें आहारांतील स्थान मात्र बदललें.

परंतु तेलामिठाची तक्रार ही आमच्या मतें या विषयाची वरवरची बाजू आहे. वारंवार तापवून बिघडलेलें तेल किती बिघडलें म्हणजे टाकून द्यावें याची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१८ पासून घालून दिली आहे. माणसानें दिवसांतून पांच ग्रॅमहून अधिक मीठ खाऊं नये हेंहि सांगून झालें आहे. हीं कामें निरीक्षकाचीं आहेत. तीं त्यानें करावींत. समजा, त्यानें तीं चोख केलीं, आणि उद्यां एखादा ढाबेवाला ताज्या तेलाची, बेताच्या मिठाची भाजी व ज्वारीची भाकर वाढूं लागला. मग त्या जेवणांत आणि घरच्या जेवणांत कांहीं अंतर उरेल काय?

उरेल, असें आम्हांस वाटतें. आणि तें अंतर पदार्थांत नसून वाढणाराच्या ठायीं आहे. घरीं वाढणारीस खाणारा ठाऊक असतो. रात्रीं कोण खोकत होता, कोणाचें पोट दुखत होतें, हें मनांत धरून ती एकास ताक देते व दुसऱ्यास देत नाहीं. तिसरा लाडू मागणाऱ्या मुलास ती ‘पुरे’ म्हणते. घरच्या अन्नाचा गुण पुष्कळसा या ‘पुरे’ शब्दांत आहे. उपाहारगृहाच्या मालकास हा शब्द नाहीं. जो पैसे देईल त्यास मागेल तें आणि मागेल तितकें देणें हाच त्याचा धर्म. अमर्याद थाळी हें त्याच धर्माचें टोंक होय.

येथें जपून बोललें पाहिजे, कारण नकार दोन प्रकारचा असतो. घरानें आपल्या माणसास ताटावर नकार दिला, तसा परक्यास उंबरठ्यावरहि दिला; आणि तो दुसरा नकार पोटाच्या काळजीनें दिलेला नव्हता, जातीच्या अभिमानानें दिलेला होता. ज्यास कोणाच्या ओसरीवरहि घांस मिळत नसे त्यास परान्नाचा हक्क प्रथम मिळाला तो बाजारांत. तोहि सहजासहजीं नव्हे. कित्येक चहाच्या दुकानांतून त्याची कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली असे. रत्नागिरीस सावरकरांनीं १९३३ सालीं अखिल हिंदु उपाहारगृह काढलें तें याचसाठीं. आणि १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदानें सार्वजनिक उपाहारगृहाचें दार सर्वांस उघडलें. घरच्या स्वयंपाकघराचें दार कायद्यास उघडतां येत नाहीं. म्हणून जो गृहस्थ बाहेरच्या खाण्यास सरसकट नांवें ठेवितो, त्याच्या घरीं पंक्तीस कोण कोण बसतें हें आधीं विचारावेंसें वाटतें.

आणि जी ‘पुरे’ म्हणते तिला कोण म्हणतें? ती शेवटीं जेवते, उरलेल्यावर जेवते, तिनें किती खाल्लें, खाल्लें कीं नाहीं, हें पाहणारें घरांत कोणी नसतें. सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीप्रमाणें बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्यांत दिवसाचीं सरासरी २८९ मिनिटें जातात. पुरुषांपैकीं जे थोडेसे तें करतात त्यांचीं ८८. ढाब्यावर कुटुंब जेवावयास गेलें म्हणजे आठवड्यांतून निदान एकदां ती इतरांबरोबर ताटावर बसते व भाकर गरम असतांना खाते. यास कोणी चैन म्हणेल तर म्हणो. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. घरच्या जेवणाचे गोडवे बहुधा ज्यानें तें कधीं रांधलें नाहीं त्याच्याच तोंडून ऐकूं येतात, हाहि आमचा अनुभव आहे.

मग तो नकार सोंपवावा कोणावर? सेवाग्रामास १९३६ पासून गांधीजींनीं याचें एक उत्तर देऊन पाहिलें. अस्वादव्रतांत नकार वाढणारीकडून निघून खाणाराकडे येतो; जो खाईल त्यानेंच आपल्या जिभेस ‘पुरे’ म्हणावें. उत्तर न्यायाचें आहे, पण गृहस्थाश्रमास तें झेपेलसें वाटत नाहीं. स्वाद सोडून दिलेलें घर आम्हांस घर वाटणार नाहीं. वऱ्हाडच्या सीमेवर राहून झणझणीत झुणका वर्ज्य करावा, हेंहि कठीणच. स्वाद ठेवूनहि माप कळूं शकतें, आणि तें कळण्याचा एक साधा मार्ग स्वतः रांधणें हा आहे. ज्यानें कढईंत आपल्या हातानें तेल ओतलें आहे त्यास तेल म्हणजे किती तें समजतें. भाकर थापावयास जो वेळ बसला आहे तो चौथी भाकर सहज मागत नाहीं.

पण कारंज्यासारख्या गांवाहून नागपुरास शिकावयास निघालेल्या मुलाची पेटी पाहिली तर तींत चिवडा असतो, लाडू असतात, लोणच्याची बरणी असते. तेथील खानावळींत तो दोन वेळ जेवेल, मधल्या वेळीं कोपऱ्यावरील गाडीपाशीं उभा राहील, आणि ‘पुरे’ म्हणणारें तेथें कोणी नसेल. वरण कसें शिजवावें हें घरीं त्याच्या बहिणीस दहाव्या वर्षीं शिकविलेलें असतें. त्यास शिकवावें असें अठरा वर्षांत कोणास सुचलेलें नसतें. आणि ती मात्र भाऊ सुटींत आला म्हणजे त्याच्या आवडीचें काय करावें याची विचारणा करीत चुलीपाशीं बसलेली असते.