क्षौर आणि वैराग्य

वडिलांच्या दहाव्याला क्षौर केलं. नंतर महिनाभर सोलापुरात नवी पेठेतून जाताना ओळखीचे थांबवून विचारत, "कोण गेलं हो?" टोपी सैल बसे, हात उगाच कंगव्याकडे जाई. तीन महिन्यांत केस आले, विचारणं थांबलं.

पूर्वी विधवेला ही सुटका नव्हती. तिचं केशवपन जन्मभर चाले. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून ते काम नाकारलं.

श्रीनृसिंह सरस्वतींनीही काशीत संन्यास घेताना केस उतरवले, पण स्वेच्छेने. भक्तहो, आपण होऊन सोडलं तर ते वैराग्य. दुसऱ्याने सोडायला लावलं तर जुलूम. आज केशवपन गेलं, पण काही घरांत कुंकू पुसणं चालूच आहे. तिथे आपण वडीलधाऱ्यांनीच म्हणावं, "बाई, तुझी इच्छा."