ईश्वरचिठ्ठी आणि कटऑफ

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांना सारखीच मते पडली की मतमोजणीच्या जागी एक छोटासा सोहळा होतो. दोन चिठ्ठ्यांना सारख्या घड्या घालून डब्यात टाकतात, कुणाचे तरी पाच-सहा वर्षांचे पोर पुढे बोलावतात आणि त्याला एक चिठ्ठी उचलायला सांगतात. पोर गोंधळून आईकडे बघते, मग हात घालते. हरलेला उमेदवार तणतणत निघून जातो, पण आपली लायकी काढली गेली असे त्याला वाटत नाही. मराठीत या प्रकाराला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. नशिबाला देवाचे नाव मिळाले की हार पचवायला सोपी जाते.

सॅन फ्रान्सिस्कोला मात्र ही चिठ्ठी पचली नाही. तिथले लोवेल हायस्कूल १८५६ सालचे. शाळा सरकारी, फी नाही, पण प्रवेश वर्षानुवर्षे मार्कांवर. कोविडच्या काळात ग्रेड नव्हत्या आणि चाचण्याही झाल्या नाहीत, म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाने एका वर्षापुरती सोडत ठरवली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती कायमची करून टाकली. बरोबर एका वर्षाने मतदारांनी मंडळाच्या तीन सदस्यांना मुदतीआधीच घरी पाठवले. त्याला इतर कारणेही होती. शाळा महिनोन्‌महिने बंद होत्या आणि त्याच वेळी मंडळ शाळांची नावे बदलण्याच्या खटाटोपात गुंतले होते. पण चिनी वंशाचे पालक इतक्या मोठ्या संख्येने रस्त्यावर आले त्यात लोवेलचा वाटा मोठा होता. २०२२ च्या जूनमध्ये मंडळाने ४ विरुद्ध ३ मतांनी मार्कांची पद्धत परत आणली.

वरवर पाहता हे उलटे वाटते. सोडतीत नंबर लागला नाही तर मुलाला कुणी कमी लेखत नाही; परीक्षेत मागे पडलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला मात्र तू कमी पडलास असे आकड्यात सांगितले जाते. तरी पालक परीक्षा मागतात. का? लोवेलच्या पालकांपुरते एक उत्तर इतिहासात आहे. १९८३ च्या एका न्यायालयीन तडजोडीनुसार सॅन फ्रान्सिस्कोतल्या शाळांमध्ये प्रत्येक वांशिक गटाला कमाल मर्यादा होती, आणि त्यापायी लोवेलमध्ये शिरायला चिनी वंशाच्या मुलांना इतरांपेक्षा जास्त गुण आणावे लागत. त्यांनी खटला भरला, तो १९९९ मध्ये मिटला. ज्यांच्या घरात ही आठवण आहे त्यांना आकडा आवडतो, कारण आकडा तोंड बघत नाही.

दुसरे उत्तर जास्त खोल आहे, आणि ते श्रद्धेच्या प्रांतात जाते. परीक्षा म्हणजे केलेल्या कर्माचे फळ मिळते याची हमी. सोडत आली की हमी गेली.

या श्रद्धेचे सर्वांत कडक रूप न्यूयॉर्कमध्ये दिसते. तिथे स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या तीन शाळांचा प्रवेश फक्त एका लेखी परीक्षेवर द्यावा असा राज्याचा कायदाच आहे, १९७१ सालचा हेक्ट-कॅलँड्रा कायदा. पुढे आणखी पाच शाळा या पद्धतीत आल्या. आठवीतल्या मुलांनी तीन तासांत ११४ प्रश्न सोडवायचे. शाळेतले मार्क, शिक्षकांचे मत, मुलाखत यांतले काहीही मोजत नाहीत. २०१९ मध्ये स्टायव्हेसंटच्या ८९५ जागांसाठी निवड झाली. त्यांत कृष्णवर्णीय मुले होती ७. त्या शहरातल्या सरकारी शाळांमधली सुमारे दोनतृतीयांश मुले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आहेत, हे ध्यानात घेतले की हा सात फार विचित्र दिसू लागतो. महापौर बिल डी ब्लासिओ यांनी २०१८ मध्येच परीक्षा मोडीत काढून प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या वरच्या मुलांना जागा देण्याचा प्रस्ताव मांडला होता. राज्याच्या विधिमंडळात तो तसाच विरला.

त्याला विरोध करणारे लोक श्रीमंत असतील असे समजणाऱ्याने शनिवारी सकाळी क्वीन्समध्ये एक फेरी मारावी. फ्लशिंग, जॅक्सन हाइट्स. खाली किराणा किंवा मोबाइल दुरुस्तीचे दुकान, वर अरुंद जिन्याने चढले की क्लास. आत बाकांवर टॅक्सी चालवणाऱ्यांची, हॉटेलात भांडी घासणाऱ्यांची, नेल सलूनमध्ये दहा-दहा तास वाकून काम करणाऱ्यांची मुले. स्टायव्हेसंटमधली जवळजवळ निम्मी मुले सरकारी सवलतीच्या जेवणाला पात्र ठरतील अशा घरांतली असतात. लातूर पॅटर्न ऐकून मोठ्या झालेल्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको. इथे गरीब घराने गरीब घराशीच शर्यत लावलेली आहे, आणि एकाला शर्यत कधी सुरू झाली तेही कळलेले नाही.

योगायोग असा की ज्या १९७१ साली न्यूयॉर्कने गुणवत्तेला कायद्याचे कवच दिले, त्याच साली हार्वर्डचे जॉन रॉल्स यांचा ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ हा ग्रंथ निघाला आणि त्याने गुणवत्तेच्या नैतिक दाव्यालाच हात घातला. कुणी कोणत्या घरात जन्मावे, कुणाला गणिती डोके मिळावे, हे ज्याचे त्याने कमावलेले नसते. इथवर बहुतेक लोक मान डोलावतात. रॉल्स पुढे जातात: कष्ट करण्याची चिकाटीसुद्धा बऱ्याच अंशी घर आणि परिस्थिती देते. इथे पालक चिडतो. रात्री अकरापर्यंत जागून गणिते सोडवली ती मुलाने, त्याचे श्रेय परिस्थितीला कसे?

चिडणे रास्त आहे, पण रॉल्स यांची पुढची फोड पाहिली तर राग थोडा निवावा. ते दोन गोष्टी वेगळ्या काढतात. एक, रास्त अपेक्षा: नियम जाहीर केला, त्यावर विसंबून माणसाने मेहनत केली, तर नियमाने देऊ केलेले त्याला मिळालेच पाहिजे. दुसरी, नैतिक लायकी: तो माणूस म्हणून इतरांपेक्षा त्या फळाचा अधिक धनी आहे, हा दावा. पहिली गोष्ट ते मान्य करतात, दुसरी नाकारतात. मराठीत ‘हक्क’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला जातो, आणि निम्मी भांडणे त्या एका शब्दात अडकलेली असतात.

व्हर्जिनियातल्या टीजेचे प्रकरण या फोडीने चांगले उलगडते. टीजे म्हणजे थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी, १९८५ साली सुरू झालेली फेअरफॅक्स काउंटीची सरकारी शाळा. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत काउंटीच्या मंडळाने प्रवेश परीक्षा आणि १०० डॉलरचे अर्ज शुल्क दोन्ही काढून टाकले. प्रत्येक माध्यमिक शाळेला तिच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखून दिल्या, आणि गरीब घर, इंग्रजी नव्याने शिकणारी मुले अशा बाबींना वजन दिले. तपासणाऱ्यांपुढे मुलाचे नाव किंवा वंश येत नव्हता. पहिल्याच वर्षी आशियाई वंशाच्या मुलांचा वाटा ७३ टक्क्यांवरून ५४ वर आला आणि गरीब घरांतली मुले एक टक्क्याहून कमी होती ती २५ टक्क्यांवर गेली. पालकांनी कोर्ट गाठले. भारतीय वंशाचे पालक त्यांत आघाडीवर होते. खालच्या कोर्टाने २०२२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, अपील कोर्टाने २०२३ मध्ये तो फिरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस यांची असहमती तेवढी नोंदली गेली.

त्या हिवाळ्यात अर्ज भरायला बसलेल्या आठवीतल्या मुलाची तक्रार खरी होती. ऐन मोसमात नियम बदलला. रास्त अपेक्षेला तडा गेला. पण पालकांच्या बोलण्यात तक्रार तेवढ्यावर थांबत नाही, ‘आमची जागा’ हे शब्द येतात. जागा त्यांची कधी झाली? नियम चार वर्षे आधी जाहीर करून बदलला असता तर कुणाचेच काही हिरावले गेले नसते. आणि प्रत्येक भागाला वाटा देऊन त्यातले वरचे निवडणे ही काही अघोरी कल्पना नव्हे. टीजेच्याच काळात, १९८५-८६ मध्ये, भारतात नवोदय विद्यालयांचा प्रयोग हरियाणातल्या झज्जर आणि आपल्या अमरावतीपासून सुरू झाला. तिथे परीक्षा आहेच, पण शाळा जिल्ह्याजिल्ह्याची आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. मेळघाटच्या मुलाला पुण्याच्या मुलाशी टक्कर द्यायला लावत नाहीत. नवोदयमध्ये निवड झाली की गावात पेढे वाटतात. त्या मुलाच्या गुणवत्तेत खोट आहे असे कुणी म्हणत नाही.

गुणवत्तेचा हा हट्ट अमेरिकेत कुठून आला याचा माग काढला तर एक गंमत हाती लागते. तिथली सर्वांत जुनी सरकारी शाळा म्हणजे बोस्टन लॅटिन स्कूल, स्थापना १६३५. ती काढली प्युरिटनांनी. मोक्ष माणसाला स्वतःच्या कर्तबगारीवर मिळत नाही, तो देवाच्या कृपेने आधीच ठरलेला असतो, असे मानणारे हे लोक. त्यांच्याच शाळेत शिरण्यासाठी आता दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर कोर्टकचेऱ्या होतात. कर्म की कृपा हा वाद आपल्याकडे श्रीवैष्णवांनी दोन पिल्लांवरून घातला. माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतःच्या हातांनी घट्ट धरून राहते. मांजराच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. जॅक्सन हाइट्सच्या क्लासमधला मुलगा माकडाचे पिल्लू आहे, त्याची पकड खरी आहे, हात दुखेपर्यंतची आहे. पण या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेते ती आईच. धरायला आईच जवळ नसलेल्या पिल्लाची पकड किती घट्ट असती, हे कोणती परीक्षा सांगणार?

बरे, ज्या जागेसाठी हा सारा आटापिटा, ती नेमके काय देते? जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि अतिला अब्दुलकादिरोग्लू या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या या शाळांचा अभ्यास छापला. कटऑफच्या किंचित वर असलेली आणि म्हणून आत गेलेली मुले, किंचित खाली असलेली आणि म्हणून बाहेर राहिलेली मुले, यांच्या पुढच्या परीक्षांतल्या गुणांत त्यांना फारसा फरक आढळला नाही. निबंधाचे नावच त्यांनी ‘द एलिट इल्युजन’ ठेवले. निष्कर्ष उंबरठ्यावरच्या मुलांपुरता आहे, पण भांडण तिथलेच तर असते. ॲरिस्टॉटल म्हणाला होता की उत्तम बासरी उत्तम वाजवणाऱ्याला द्यावी, कारण बासरी वाजवण्यासाठी असते. या शाळांना पालक बासरी समजत नाहीत, ढाल समजतात; सत्काराची, दिवाणखान्यात लावायची.

मग सरसकट चिठ्ठ्या टाकाव्यात? लोवेलचा अनुभव तसे सांगत नाही. सोडतीने आलेल्या पहिल्या तुकडीतल्या सुमारे एकचतुर्थांश मुलांना पहिल्याच सत्रात एखाद्या तरी विषयात डी किंवा एफ ग्रेड मिळाली. आधी हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असे. त्या मुलांची आठवी पडद्यासमोर गेली होती, हे धरूनही आकडा डोळ्यांआड करता येत नाही. तयारी नसलेल्या मुलाला अवघड वर्गात नेऊन बसवणे ही कृपा नव्हे. हार्वर्डचेच मायकेल सँडेल यांनी २०२० मध्ये विद्यापीठांसाठी मधला मार्ग सुचवला: अभ्यास झेपेल अशी सगळी मुले आधी निवडा, आणि त्यांच्यातून सोडत काढा. परीक्षेने पात्रता ठरवावी, जागा चिठ्ठीने द्यावी. शाळांनाही हेच लागू व्हावे. जिंकलेल्याच्या डोक्यात हवा जाणार नाही आणि राहिलेल्याला तोंड लपवावे लागणार नाही. पात्र मुलांच्या त्या डब्यात कुणाकुणाची चिठ्ठी पडते, हा प्रश्न मात्र तरीही उरतोच.

स्टायव्हेसंट १९०४ पासून फक्त मुलांची शाळा होती, आणि पासष्ट वर्षे तिच्या गुणवत्ता यादीत मुलींची नावे नाहीत हे कुणाला खटकले नव्हते. १९६९ च्या सुरुवातीला ब्रुकलिनच्या ॲलिस डी रिवेरा या शाळकरी मुलीने शिक्षण मंडळावर दावा लावला. तिने जागा मागितली नव्हती, मुलगी म्हणून तिला परीक्षेलाच बसू दिले जात नव्हते. मंडळाने माघार घेतली आणि त्या सप्टेंबरमध्ये डझनभर मुली स्टायव्हेसंटमध्ये दाखल झाल्या. ॲलिस त्यांत नव्हती. तिच्या घरच्यांनी तोवर शहर सोडले होते.